बाशिंग बांधलेला सिंह

त्या काळात आमच्या वांकिडीच्या आजूबाजूच्या दहा-बारा गावांत तुमी कोणत्याही लग्नघरी गेले असते, तं दाराच्या वर तुमाले एकच देखावा दिसला असता. एक नदी, नदीकाठी लांबच लांब परकोट, परकोटाले मोठा दगडी दरवाजा, अन् दरवाज्यातून बाहेर निघालेला हत्ती. हत्तीवर अंबारी. अंबारीत सिंह. अन् सिंहाच्या कपाळाले बाशिंग! खोटं नाही सांगत. बाशिंग, मुंडावळ्या, गळ्यात हार, सगळं. तोंडावर नवरदेवासारखं लाजरं हसू. हे काढणारा माणूस म्हणजे माझा दोस्त डोमाजी.

डोमा काही धंद्यानं चितारी नव्हता. चार एकरात कापूस अन् ज्वारी पिकवणारा माणूस. पण लगनसराई लागली की लोक त्याले बैलगाडी पाठवून बोलावत. गेरू, चुना, नीळ अन् चुलीची काजळी, एवढेच त्याचे रंग. शिंदीच्या काडीचं टोक दातानं चावून चावून कुंचला करे. अन् भिंतीपुढं उभा राहिला की अर्धा घंटा काहीच करत नसे. नुसता तळहात भिंतीवर ठेवून डोळे मिटून उभा. घरची बाई घाबरून विचारे, "काय झालं जी?" तं म्हणे, "थांबा बाई, मायचा आवाज येऊ द्या."

त्याची माय बयनाबाई चांद्याची. तुमी चंद्रपूर म्हणता, आमच्या तोंडात चांदाच बसलेलं आहे. पठाणपुरा दरवाज्याजवळच्या गल्लीतली पोरगी, लगन होऊन इकडं रानात आली. डोमा सात वर्षांचा असताना तापानं गेली बिचारी. मागं मामा राहिला नाही, आजी राहिली नाही, जाणं-येणं तुटलं. मायचं म्हणून डोमाजवळ एकच चीज उरली, ती म्हणजे तिनं निजवताना सांगितलेलं ते गाव. नदी अशी, परकोट असा, घाटावर पाच बाया धुणं धुतात, अन् दरवाज्यावरचा सिंह बाशिंग बांधून, हत्तीवर बसून नदीकडं जाते. सात वर्षांच्या लेकराले जेवढं आठवलं तेवढं त्यानं धरून ठेवलं, अन् मोठा झाल्यावर तीस वर्षं लोकांच्या भिंतीवर काढत राहिला.

आता मी. मी माणिकराव, वांकिडीत माझं किराण्याचं दुकान. तराजूचा काटा मधोमध उभा राहिल्याशिवाय मी पुडी बांधत नाही. चुकीचं काही दिसलं की माझ्या डोक्यात जाते, हा माझा स्वभाव, बायको त्यापायी रोज कावते. महाकालीच्या जत्रेले मी चांद्याले गेलो होतो अन् तो सिंह माझ्या डोळ्यानं पाहून आलो होतो. अंबारी नाही, बाशिंग नाही, काही नाही. भला मोठा सिंह, अन् त्याच्या पंजाखाली दबलेला एवढासा हत्ती! आल्या आल्या मी डोमाले गाठलं.

"अबे, तुझा सिंह खोटा हाय."

"असन," डोमा म्हणाला, अन् विडी पेटवली.

"असन काय असन! हत्तीले चिरडून राह्यला तो. अन् तुझी ती वरात नदीकडं काऊन जाते बे? नवरी काय पाण्यात बसली हाय?"

"मले काय ठाऊक? माय म्हणे नदीकडं जाते."

हे भांडण आमचं वीस वर्षं चाललं. दरसाल अर्धं गाव जत्रेले जाये, हा मात्र घरी राही. राजुऱ्याच्या बाजारापर्यंत कापूस घेऊन जाई अन् तिथूनच गाडी फिरवे. मले तेव्हा त्याचा राग येई. आता कळते. त्यानं चांदा पाहिलं नव्हतं तोवर त्याची माय तिथं होती, एवढंच होतं ते.

मग सत्त्याऐंशी साल उजाडलं, अन् डोमाच्या पोरीची, तुळजाची सोयरीक जमली. कुठं, तं चांद्याले! तुळजाच्या मामानंच स्थळ पाहिलं, घर पाहून तोच आला. पोरगा कोळसा खाणीत नोकरीले, माणसं चांगली. माघात लगन, वऱ्हाड आपल्याकडं येणार. सगळा गाव खुश, अन् डोमाच्या तोंडावर मात्र बारा वाजलेले. संक्रांतीच्या आधी एका दुपारी तो दुकानात येऊन गुळाच्या ढेपीजवळ बसला.

"माणिक, वऱ्हाड चांद्याचं हाय. त्यांनी तो दरवाजा रोज पाह्यला हाय."

"मंग?"

"तूच बरोबर असला तं? दारावरचा सिंह पाहून हसतीन ते. मले हसू दे. पण पोरीले जलमभर टोमणे मारतीन ना, तुझा बाप असा अन् तसा."

"मंग बरोबर काढ. चाल, दाखवतो तुले."

"अन् बरोबर काढला, हत्तीले चिरडणारा, तं तो पोरीच्या लगनाच्या दारावर शोभन काय?"

मी म्हटलं, पहिले पाहून तं ये. माझ्या मनात खरं काय होतं, तेही सांगून टाकतो. वीस वर्षांच्या भांडणात मले जिंकायचं होतं.

संक्रांत झाली अन् तिसऱ्या दिवशी आमी तिघं निघालो. तिसरा फकिरा. फकिराची शेती डोमाच्या धुऱ्याले, बांधाले बांध लागून, अन् पोट त्याचं कधी भरलेलं मी पाहिलं नाही. आसिफाबादहून येणाऱ्या लाल बसमध्ये बसल्या बसल्या त्यानं तिळगुळाचा डबा उघडला. डोमाच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, निघताना बजावलं होतं, "सोयऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहू नका जी. लगनाआधी बरं नाही दिसत." डोमानं मान हलवली. त्याचं लक्ष कुठं होतं कोण जाणे.

वर्धा नदीचा पूल आला तशा डोमानं पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.

"हे काय बे?" मी म्हटलं.

"मायचं गाव लागलं."

"अबे लेका, अजून बल्लारशाहा यायचं हाय! घाल त्या चपला."

घातल्या नाहीत. नदीवर धुकं पडलं होतं, पूल मधेच हरवल्यासारखा दिसत होता, अन् हा माणूस चपला छातीशी धरून खिडकीतून पाहत होता.

चांद्याले उतरलो तं पहिले दिसल्या वीज कारखान्याच्या चिमण्या. डोमा त्यांच्याकडं पाहून म्हणाला, "हे मायनं नव्हतं सांगितलं." एवढंच. पुढं जटपुरा दरवाजा आला. मी म्हटलं, आता पाहतेच हा. अन् यानं काय करावं? खांद्यावरचा शेला काढला, डोक्यावरून असा घेतला की नव्या नवरीनं घ्यावा, अन् मान खाली घालून दरवाज्याखालून चालायले लागला.

"वर पाह्य ना!"

"पहिले मायचा दरवाजा. पठाणपुरा. बाकीचे मंग."

"अबे, चारही दरवाजे सारखेच हायेत!"

"तुले असतीन सारखे."

माझं डोकं असं तापलं! पण फकिरानं त्याचा हात धरला अन् गर्दीतून नेला. सायकलवाले बाजूनं वाट देत होते. एक म्हातारा थांबून विचारतो काय, "डोळ्याचं आपरेशन झालं का जी?" फकिरा म्हणाला, "हो बाबा, आजच पट्टी सुटणार हाय." मले हसू आलं, डोमाले पण आलं, शेल्याच्या आतून.

त्या दिवसाचं मी काय सांगू तुमाले? दुकान सोडून असा बिनकामाचा मी जन्मात फिरलो नाही. रामाळा तलावावर ऊन कोवळं होतं, पाण्यावर शिंगाड्यांचे वेल पसरले होते, आमी काठावर बसून भाकरी अन् ठेचा खाल्ला. महाकालीचं दर्शन घेतलं. अचलेश्वराच्या बाजूले गोंड राजाची समाधी आहे, राणीनं बांधलेली. तिथं डोमानं दगडावर तळहात ठेवला अन् डोळे मिटले, लग्नघरच्या भिंतीपुढं राहतो तसाच. फकिरा सावलीत आडवा झाला. पाखरं गुटुरगू करत होती. मले वाटलं की आपण तिघंही कोणत्या तरी दारावर काढलेलो आहोत, अन् कोणी तरी खालून आपल्याकडं पाहून राहिलं आहे. असं मले कधी वाटत नाही. मी हिशेबी माणूस.

दुपार कलल्यावर परकोटाच्या कडेकडेनं नदीवर गेलो. इरई नदी. जानेवारीतलं पाणी, संथ, निळसर. डोमानं तिथं शेला खांद्यावर घेतला, कारण नदीवर दरवाजा नव्हता. काठावर बाया धुणं धूत होत्या. डोमानं माझं मनगट धरलं.

"माणिक, किती हायेत?"

मी मोजल्या. मोजल्याशिवाय मले राहवत नाही. पाच होत्या! फिरून मोजल्या, तं पाचच.

"योगायोग हाय," मी म्हटलं.

"हो," डोमा म्हणाला, अन् पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो गावाकडं पाहत होता. परकोट, परकोटामागं घरं, घरांतून निघणारा धूर. म्हणाला, "मी इथं तीन नारळी काढतो. त्या नाहीत." मग पुन्हा म्हणाला, "नसू दे." त्याचा चेहरा असा झाला होता की मले वाटलं, बस, इथूनच परत जावं. बोललो मात्र नाही. वीस वर्षांचं भांडण होतं ना माझ्या डोक्यात.

पठाणपुरा दरवाज्याशी पोचलो तेव्हा उन्हं दगडावर तिरपी पडली होती. डोमा आपल्या आपण थांबला. शेला पुन्हा डोक्यावरून घेतलेला होता, तो त्यानं हळूच काढला. वर पाहिलं.

सिंह जसा होता तसाच होता. मोठा, आयाळ ताठ, दात बाहेर. पंजाखाली हत्ती, सोंड वळलेली, लहानसा.

"पाह्य!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "मी सांगत होतो ना?"

तोंडातून निघालं अन् मले माझीच लाज वाटली. डोमा माझ्याकडं वळलाच नाही. तो वर पाहत होता अन् त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, बावन्न वर्षांचा माणूस, भर रस्त्यात. म्हणाला, "ती तं रोज या दरवाज्याखालून जात होती. तिनं पाह्यलाच असन ना हा. मंग मले खोटं काऊन सांगितलं तिनं?"

फकिरा म्हणाला, "जाऊ दे बे." डोमा दरवाज्याच्या पायाशी बसला. "तीस वर्षं लोकांच्या दारावर खोटं काढलं मी," म्हणाला. "आता नाही काढत. पोरीची भिंत कोरीच राहू दे."

बाजूले एक म्हातारी उकडलेले शिंगाडे विकत बसली होती. चंपाबाई तिचं नाव, ते मग कळलं. ती बराच वेळ आमच्याकडं पाहून राहिली होती. "काऊन रडून राह्यले बापा?" तिनं विचारलं. फकिरानं तिच्याजवळून शिंगाडे घेतले अन् खाता खाता तिले सगळं सांगितलं, माय, बयनाबाई, सिंह, अंबारी, वऱ्हाड. म्हातारी ऐकता ऐकता हसायलेच लागली. मले तिचाही राग आला.

"अवो, हसता काय माय?" मी म्हटलं.

"हसू नको तं काय करू? ते काय त्याच्या मायचं एकटीचं हाय? या गल्लीतल्या साऱ्या माया तेच सांगत. लेकरू या दरवाज्याखालून जायले भिये. त्या सिंहाले पाहून बोंबलत सुटे. मंग माय सांगे, बापू, तो दिवसाच असा दिसते. सांजच्याले दिवे लागले की हत्ती उठते, सिंहाले पाठीवर घेते, अन् दोघं मिळून नदीवर पानी प्यायले जाते. मी पण माझ्या पाचही लेकरांले हेच सांगितलं. माझ्या मायनं मले सांगितलं."

डोमा उठून तिच्याजवळ गेला. "अन् बाशिंग?"

"कायचं बाशिंग?"

"सिंहाच्या कपाळाले बाशिंग."

म्हातारीनं डोकं खाजवलं. "नाही बा. बाशिंग नाही आमच्या गोष्टीत. तुझ्या मायनंच लावलं असन ते. कोनती बयना म्हणता? आमच्या गल्लीत तीन बयना होत्या. तिघी याच दरवाज्यातून लगन होऊन गेल्या, मागं काही आल्या नाहीत."

डोमा तिथंच, तिच्या टोपलीजवळ बसून राहिला. कोणत्या बयनेची वरात या दरवाज्यातून कशी निघाली असेल, ते त्याले दिसत असेल. मले तं दिसलं बुवा. सोळा वर्षांची पोर, बैलगाडीत, मागं वळून वर पाहत असलेली.

मी म्हटलं, "दिवे लागेपर्यंत थांबू." फकिरा माझ्या तोंडाकडं पाहतच राहिला. शेवटची बस चुकली असती तं सगळ्यात आधी मीच ओरडलो असतो, हे त्याले ठाऊक होतं.

थांबलो. गल्लीत एकेक दिवा लागला. नदीकडून धुकं आलं, धूर त्यात मिसळला, अन् वरचा दगड काळा पडत गेला. मी पाहत होतो, काटा पाहतो तसा डोळे लावून. हत्ती उठला, असं मी सांगणार नाही. पण अंधारात वर कोण, खाली कोण, दाबलं कोणी अन् उचललं कोणी, ते मले सांगता येईना. फकिरा शिंगाडे खायचा थांबला होता. डोमा हसत होता.

बस मिळाली, धावत पळत. रस्ताभर डोमा झोपला, चपला पायात होत्या.

गावी आल्यावर आठ दिवस त्यानं भिंतीकडं पाहिलं नाही. कौशल्याबाई दोनदा दुकानात येऊन मले बोलून गेल्या, "तुमीच नेलं होतं ना, आता तुमीच काढा भिंत!" खरं होतं त्यांचं. लगनाले चार दिवस राहिले तेव्हा डोमानं काडी चावली. तळहात भिंतीवर ठेवून तो उभा राहिला, अन् त्या दिवशी मी दुकान बंद करून त्याच्या अंगणात बसलो. नदी झाली. परकोट झाला. नारळी काढल्या नाहीत. हत्ती निघाला, अंबारी चढली, सिंह बसला, अन् सिंहाच्या कपाळाले बाशिंग बांधलं. ते बांधताना त्याचा हात जराही हलला नाही. मग त्यानं दरवाज्याच्या पायाशी एक बाई काढली. कडेवर लेकरू, अन् तिचा हात वर, सिंहाकडं बोट दाखवत असलेला. इतकी वर्षं ती बाई त्या देखाव्यात कधीच नव्हती.

लगनाच्या दिवशी वऱ्हाड उतरलं. पाय धुणं झालं, चहा-पाणी झालं, अन् नवरदेवाचे काका उत्तमराव दारापुढं येऊन थांबले. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, मोठ्या आवाजाचे. त्यांनी वर पाहिलं अन् जे हसले, जे हसले!

"काय इवाई! आमच्या दरवाज्यावरचा सिंह हत्तीले चिरडते. तुमच्या सिंहानं तं लगीनच मांडलं की हो!"

वऱ्हाडातले चार-सहा जण हसले. दाराच्या आड तुळजा उभी होती, हळद लागलेली, तिचे हात बांगड्यांसकट थांबले. डोमानं माझ्याकडं पाहिलं. का नाही पाहणार? ही गोष्ट गावात वीस वर्षं मीच तं म्हणत आलो होतो.

मी उठून पुढं गेलो. "उत्तमराव, तुमी तो दरवाजा किती वाजता पाह्यला?"

"किती वाजता म्हणजे? लहानपणापासून त्याच्याखालून जाऊन राह्यलो मी! दिवसातून दहा वेळा!"

"दिवसा पाह्यला असन," मी म्हटलं. "दिवे लागल्यावर पाह्यला काय?"

उत्तमरावांचं तोंड उघडं होतं, ते तसंच राहिलं. त्यांनी फिरून वर पाहिलं. सिंहाकडं नाही. कडेवर लेकरू घेतलेल्या त्या बाईकडं. टोपी काढून हातात घेतली, अन् मघाचा तो मोठा आवाज एवढासा करून डोमाले विचारलं,

"पानी प्यायले जाते ना जी दोघं?"

"हो," डोमा म्हणाला. "रोज."